छोट्या पिकअपच्या टाकीतले इथेनॉल

इथेनॉल हे एक अल्कोहोल आहे. उसाचा रस, साखर कारखान्यातली मळी, मका किंवा तुकडा तांदूळ आंबवून आणि त्याचे ऊर्ध्वपातन करून ते तयार होते. इंधनात घालायचे तर त्यातले पाणी जवळजवळ पूर्ण काढावे लागते. पेट्रोलमध्ये ते 20 टक्के असले की त्या मिश्रणाला ‘ई-20’ म्हणतात. भारतात 2001 मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची चाचणी झाली, तेव्हा निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातली होती. 2003 मध्ये काही राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झाले. जून 2022 मध्ये देशाची सरासरी 10 टक्क्यांवर गेली आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर. दूध, भाजी, पाण्याचे जार वाहणारे छोटे पेट्रोल पिकअप आता याच इंधनावर धावतात. डिझेलच्या पिकअपमध्ये हे मिश्रण वापरले जात नाही.

या इंधनाचा पहिला प्रश्न उष्णतेचा. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा मिळते, एक लिटर इथेनॉलमधून सुमारे 21. म्हणून ई-20 च्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण 7 टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवून 10 टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ई-20 वर 6 ते 7 टक्के घटेल, असा अंदाज आहे. 10 टक्क्यांसाठी बनवून 20 टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांत ही घट 1 ते 2 टक्केच धरली आहे. समजा, एखादा पिकअप लिटरला 15 किलोमीटर देतो आणि रोज 100 किलोमीटर फिरतो. ॲव्हरेज 6 टक्क्यांनी उतरले तर कामाच्या 25 दिवसांत सुमारे साडेदहा लिटर पेट्रोल जास्त लागते. रोजच्या भाड्यावर घर चालवणाऱ्यासाठी हा खर्च लहान नाही.

इथेनॉलची जमेची बाजू म्हणजे ऑक्टेन. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक 91 होता, ई-20 चा 95 आहे. माल भरून घाट चढताना इंजिनात होणारी टकटक, म्हणजे नॉकिंग, त्यामुळे कमी होते. मात्र वाढलेल्या ऑक्टेनचा पुरा फायदा त्यासाठी जुळवलेल्या इंजिनालाच मिळतो.

इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा, तर एक किलो इथेनॉलला 9 किलो पुरते. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर हा बदल ओळखतो आणि संगणक इंधन वाढवून मेळ घालतो. जुन्या कार्बुरेटरला ही सोय नाही. तिथे मिश्रण पातळ पडते, गाडी झटके खाते, इंजिन तापते. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते. म्हणून थंडीच्या पहाटे जुनी गाडी उशिरा सुरू होते.

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलमध्ये फुगते, मऊ पडते, पुढे त्याला चिरा जातात. नळ्या, सील आणि गॅस्केट यांवर हा परिणाम आधी दिसतो. इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षे साठलेला गाळही सोडवते आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांत ई-20 सोसणारे भाग आहेत. एप्रिल 2025 पासून इंजिनांची जुळणीही ई-20 साठी होते. आपली गाडी कशात मोडते, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे.

तिसरा प्रश्न पाण्याचा. इथेनॉल हवेतली वाफ ओढून घेते. थोडे पाणी मिश्रणात विरघळून राहते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात. पंपाची नळी तळातूनच इंधन उचलत असल्याने गाडी सुरूच होत नाही आणि धातूलाही गंज चढतो. रोज धावणाऱ्या गाडीत इंधन टिकत नाही, त्यामुळे हा धोका कमी. सीएनजीवर चालणाऱ्या पिकअपमध्ये मात्र पेट्रोल महिनोन् महिने पडून राहते. अशा गाडीने आठवड्यातून थोडे अंतर पेट्रोलवर कापावे आणि टाकी वरचेवर ताज्या इंधनाने भरावी.

जुना पिकअप ई-20 वर चालवायचा तर सुरुवातीला इंधनाचा फिल्टर वेळेआधी बदलावा. नळ्यांचे सांधे पाहावेत आणि पेट्रोलचा वास किंवा ओल दिसली तर ती नळी लगेच बदलावी. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर तपासावे. ॲव्हरेज मोजताना टाकी पूर्ण भरून पुन्हा पूर्ण भरेपर्यंतचे लिटर आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. तीन-चार वेळा असे मोजल्यावर किलोमीटरमागचा खरा खर्च कळतो आणि भाड्याचा दर त्यावरूनच ठरवावा.