दप्तर शहरात, लेखणी किनाऱ्यावर

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यापुढे मुरूड, श्रीवर्धन व म्हसळा या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घरांची छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले आणि दूरध्वनीचे मनोरे मुके झाले. अनेक गावांत वीज पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागले. टाळेबंदीमुळे मुंबई-पुण्याहून गावी परतलेल्या चाकरमान्यांपैकी ज्यांचे काम संगणकावरचे होते, त्यांच्यावर हे संकट दुहेरी होते. घराचे छप्पर गेले आणि घरातूनच चालणारी नोकरीही अडली.

त्यानंतर जेमतेम महिन्याभराने, जुलै २०२० मध्ये, याच रायगड जिल्ह्यात पनवेलनजीक योट्टा या कंपनीच्या प्रचंड डेटा सेंटरचे उद्घाटन झाले. एखादी वीजवाहिनी वा यंत्र बंद पडले तरी आतील संगणक क्षणभरही थांबू नयेत, अशी त्याची रचना आहे. जिल्ह्याच्या एका टोकास कधीही न थांबणारे संगणक आणि दुसऱ्या टोकास दिव्याविना गावे, असे हे चित्र होते. या दोन टोकांना जोडणारी जी साधने गेल्या काही वर्षांत विकसित झाली, त्यांत दूर अंतरावरून संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, लिहिण्याची साधने विशेष लक्षात घेण्याजोगी आहेत. त्यांचा परिचय केवळ अभियंत्यांनाच असावा असे नाही. गावात वायर कुठवर आणावी, शाळेच्या संगणक कक्षात काय शिकवावे, ग्रामपंचायतीच्या इमारतीत बॅटरी बसवावी किंवा नाही, हे ठरविणाऱ्यांनाही तो असणे उपयुक्त ठरेल.

दप्तर आणि लेखणी

आज्ञावली लिहिणाऱ्यास सामान्यतः दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे मजकूर लिहिण्याचे व सुधारण्याचे साधन आणि दुसरी म्हणजे तो मजकूर तपासून, जुळवून, चालवून पाहणारा समर्थ संगणक. पूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रात असाव्या लागत. मोठ्या प्रकल्पाचे सारे दप्तर आपल्या संगणकावर उतरवून घ्यावे लागे. लिनक्स या सुप्रसिद्ध प्रणालीचा मजकूर त्याच्या संपूर्ण इतिहासासह उतरवावयाचा म्हटले तर तो एक गिगाबाइटहून अधिक भरतो. श्रीवर्धनच्या एखाद्या वाडीत, भरतीच्या लाटेसारख्या येणाऱ्या-जाणाऱ्या मोबाइल संकेतावर ते उतरविणे म्हणजे दिवसभराचे काम होऊन बसते.

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या व्हिज्युअल स्टुडिओ कोड या लेखन-साधनात मे २०१९ मध्ये जी दूरस्थ सुविधा प्रथम उपलब्ध करून देण्यात आली, तिने या दोन गोष्टींची फारकत केली. दप्तर कचेरीतच राहते व लेखणी तेवढी घरी येते. पडदा, अक्षरे व कळफलक ही बाजू वापरणाऱ्याच्या साध्या संगणकावर असते. मजकुराच्या फायली, शोध, चाचण्या व प्रत्यक्ष चालविणे ही जड कामे दूरच्या संगणकावर बसविलेला एक मदतनीस करतो. दोहोंमध्ये एसएसएच नावाची कुलूपबंद वाट असते. ही वाट १९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी तांत्रिक विद्यापीठातील तातू युलोनेन यांनी तयार केली. त्या विद्यापीठाच्या जाळ्यावर चोरून ऐकणाऱ्याने संकेतशब्द पळविल्याचे उघडकीस आल्यावर त्यांनी हे काम हाती घेतले होते.

या मांडणीचा लाभ आकड्यांत पाहणे सोपे आहे. दिवसभरात एखाद्याने ३०० ओळी लिहिल्या व प्रत्येक ओळीत ४० अक्षरे धरली, तर एकूण १२,००० इंग्रजी अक्षरे, म्हणजे सुमारे १२ किलोबाइट होतात. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र याच्या शेकडो पट मोठे असते. प्रत्यक्षात शोधाचे निकाल, सूचना व इतर देवाणघेवाण यांमुळे रहदारी बरीच वाढते, तरीही ती चलच्चित्र-बैठकीच्या तुलनेत किरकोळच राहते.

काम करणारा एका जागी व साधन दुसऱ्या जागी, ही कल्पना अलिबागला तशी नवी नाही. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार हे निश्चित झाल्यावर कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय मापनात त्यांचा व्यत्यय येणार हे ओळखून १९०४ मध्ये अलिबाग येथे चुंबकीय वेधशाळा सुरू करण्यात आली. नोंदी अलिबागला होत आणि त्यांवरील अभ्यास अन्यत्र चाले. आजही तेथील मापने आंतरराष्ट्रीय जाळ्यामार्फत जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचतात. फरक एवढाच की, तेव्हा यंत्राला शहर सोडावे लागले होते. येथे प्रश्न माणसाला गाव सोडावे लागू नये, हा आहे.

अंतर नव्हे, खंड

दूरस्थ कामात अडचण अंतराची असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो फारसा खरा नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. श्रीवर्धनहून पनवेलपर्यंतचे अंतर त्याच्या दृष्टीने सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके आहे. उपग्रहाचा मार्ग मात्र वेगळा आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने संदेश जाऊन उत्तर येईपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद जातो आणि टंकलेखन करताना तो चांगलाच जाणवतो. म्हणूनच जेथे तंतू नेणे शक्य आहे तेथे उपग्रहावर समाधान मानणे श्रेयस्कर नव्हे.

खरी अडचण आहे ती खंडाची. डोंगर व खाड्या यांनी तुकडे पडलेल्या या किनाऱ्यावर एका वळणावर संकेत मिळतो व पुढच्या वळणावर हरवतो. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते. पावसाळ्यात फांदी तारेवर पडली की वीज जाते व तिच्या पाठोपाठ मनोऱ्याची बॅटरीही संपते. तेव्हा एखाद्या साधनाची नवी वैशिष्ट्ये जोखताना ‘ते किती वेगवान आहे’ यापेक्षा ‘वाट तुटली असता ते काय करते’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

या कसोटीवर साधी एसएसएच वाट अपुरी पडते. ती तुटली की तिच्यावर चालू असलेले काम बहुधा तेथेच संपते. यावर जुना व आजही उत्तम असा उपाय म्हणजे टीमक्स. २००७ पासून उपलब्ध असलेली ही छोटी विनामूल्य आज्ञावली दूरच्या संगणकावर काम धरून ठेवते. गावातील वीज गेली तरी तेथे चाचणी चालूच राहते. चार तासांनी पुन्हा जोडणी झाली की पडदा सोडला होता तेथून पुढे दिसू लागतो. २०१२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत तयार झालेले मॉश हे दुसरे साधन. संगणक झोपी गेला, किंवा वापरणारा घरच्या वायफायवरून मोबाइलच्या जाळ्यावर गेला, तरी त्याची जोडणी टिकून राहते. संथ वाटेवर टंकलेली अक्षरे उत्तराची वाट न पाहता पडद्यावर उमटविण्याची त्याची युक्तीही उपग्रह-जोडणीवर मोलाची ठरते.

व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये मजकूर वापरणाऱ्याच्याच संगणकावर उमटत असल्याने जोडणी गेली तरी उघडलेले पान लगेच नाहीसे होत नाही. दूरचा मदतनीस काही तास वाट पाहतो व दरम्यान जोडणी आल्यास काम पुढे चालू होते. जतन न केलेला मजकूरही पुढील वेळी परत मिळावा, अशी व्यवस्था आहे. मात्र जोडणी नसताना नवी फाईल उघडणे, शोध घेणे वा चाचणी चालविणे शक्य नसते. म्हणून ज्या गावात जोडणी तासन् तास जाते, तेथे दप्तराची एक प्रत घरीही ठेवावी. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेली गिट ही प्रणाली नेमकी याच कामाची आहे. प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासासह प्रत असते, जोडणीविना काम करता येते व जोडणी आली की बदल एकमेकांत मिसळता येतात. पहिली प्रत उतरविण्यास वेळ लागतो, हे खरे. परंतु ते काम एकदाच, तालुक्याच्या गावी चांगल्या जोडणीवर करून घेता येते.

नव्या सोयी व त्यांचे पथ्य

अलीकडच्या वैशिष्ट्यांपैकी शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त आहे ते ‘डेव्ह कंटेनर’. कोणती भाषा, तिची कोणती आवृत्ती, सोबत कोणती साधने, हे सारे एका छोट्या फाईलमध्ये लिहून ठेवले जाते व त्याबरहुकूम कामाची जागा आपोआप उभी राहते. प्रयोगशाळेत प्रत्येक बाकावर साहित्याची सारखी पेटी मांडावी, तसेच हे आहे. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठासारख्या, १९८९ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या परिसरात शिकणारा विद्यार्थी सुटीत घरी गेला तरी, तीच पेटी दूरच्या संगणकावर त्याला उघडता येते. त्याच्या घरचा संगणक जुना असला तरी चालतो. नव्याने कामावर रुजू होणाऱ्याचे पहिले काही दिवस जुळवाजुळवीत वाया जातात, तेही वाचतात.

दोघांनी एकाच वेळी एकाच मजकुरावर काम करण्याची ‘लाइव्ह शेअर’ ही सोय २०१८ पासून आहे. शिक्षकाने पनवेलहून व विद्यार्थ्याने मुरूडहून एकच ओळ पाहावी, चूक जागच्या जागी दाखवावी, हे तिच्यामुळे शक्य होते.

तिसरी सोय ‘टनेल’ म्हणजे बोगद्याची. २०२२ च्या अखेरीस आलेल्या या सुविधेत दूरचा संगणक स्वतःच बाहेरच्या मध्यस्थ सेवेशी जोडला जातो, त्यामुळे त्याच्यासाठी जाळ्यात वेगळे दार उघडावे लागत नाही. शाळेतील संगणकापर्यंत घरून पोहोचण्यास ही फार सोयीची. पण सोय जितकी मोठी तितके पथ्यही कडक. हेरगिरी करणाऱ्या टोळ्यांनी अशाच बोगद्यांचा गैरवापर केल्याचे २०२४ मध्ये उघडकीस आले. बोगदा अधिकृत कंपनीच्या सेवेतून जात असल्याने पहारेकऱ्यास त्यात वावगे दिसत नाही. शासकीय कार्यालयातील संगणकावर, जेथे जमिनीच्या नोंदी वा लाभार्थ्यांची माहिती असते, तेथे सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी अनुमतीशिवाय असा बोगदा उघडला जाता कामा नये. विद्यार्थ्यांच्या सरावासाठी वेगळा संगणक ठेवणे, हाच यातील निर्धोक मार्ग होय.

नवी आवृत्ती म्हणजे निव्वळ लाभ, असेही नाही. जानेवारी २०२४ च्या आवृत्तीने दूरच्या संगणकावरील लिनक्स प्रणाली किमान एका ठरावीक वयाची असावी अशी अट घातली. जुन्या यंत्रांवरील लोकांची कामे एकाएकी अडली, तक्रारी झाल्या व कंपनीने सुमारे वर्षभराची मुदत दिली. मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून ती अट लागू झाली. सेंटओएस ७ सारख्या, ज्यांची देखभाल ३० जून २०२४ रोजीच संपली, त्या प्रणाली त्यामुळे बाहेर पडल्या. लेखणी आपोआप नवी होते व दप्तराचे कपाट जुनेच राहते, अशी ही विसंगती आहे. ज्या संस्थांकडे जुने सर्व्हर आहेत, त्यांनी खरेदीच्या अंदाजपत्रकात याचा विचार करून ठेवावा.

पोफळ फळाला येईपर्यंत

हे सारे श्रीवर्धनच्या बागायतदारास कशासाठी सांगावे, असे कोणी विचारील. श्रीवर्धनी रोठा ही सुपारी नामांकित आहे. पण वादळात पडलेल्या पोफळीच्या जागी लावलेले रोप फळास येण्यास पाच ते सात वर्षे लागतात, नारळाचेही साधारण तसेच. मधल्या वर्षांत घर चालले पाहिजे. घरातील शिकलेल्या मुलाने वा मुलीने मुंबई गाठली तर बागेला पाणी कोणी घालावयाचे, हा प्रश्न उरतो. गावी राहून नोकरी करता आली तर दोन्ही साधतात.

धोरणाची एक मोठी अडचण त्या वर्षी दूर झाली. माहिती तंत्रज्ञानाधारित सेवा देणाऱ्या कंपन्यांवर घरून काम करण्याबाबत जी बंधने होती, ती केंद्राच्या दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये व पुन्हा जून २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणात शिथिल केली. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली व पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. परंतु तंतू पंचायतीच्या भिंतीपर्यंत आला आणि वीज गेल्याबरोबर तेथील यंत्र बंद पडले, तर त्याचा उपयोग तेवढ्यापुरताच. अलिबाग शहरात वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचे काम राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाखाली हाती घेण्यात आले. वाड्या-वस्त्यांपर्यंत ते पोहोचण्यास अवधी लागणारच. तोवर पंचायतीच्या वा वाचनालयाच्या एका खोलीत छपरावरील सौर पट्ट्या, बॅटरी, दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या जोडण्या व चार टेबले एवढी व्यवस्था झाली, तरी गावातील आठ-दहा जणांना वीज गेलेल्या दिवशी बसावयास जागा होते. या खोलीतला संगणक भारी असण्याची गरज नाही, कारण जड काम दूर होत असते. पैसा बॅटरीवर खर्च करावा.

कोणते साधन निवडावे हे ठरविण्यासाठी शाळेच्या कक्षात सहज करता येण्याजोगी एक चाचणी आहे. दूरच्या संगणकावर दहा मिनिटे चालणारे एखादे काम सुरू करावे, अर्धी ओळ टंकावी व जोडणीची वायर काढून ठेवावी. पंधरा मिनिटांनी ती पुन्हा लावावी आणि तीन गोष्टी वहीत नोंदवाव्यात : अर्धी ओळ जागेवर आहे काय, दूरचे काम पूर्ण झाले काय, आणि पुन्हा संकेतशब्द न देता आत जाता आले काय. हीच चाचणी नंतर मोबाइलच्या जोडणीवर, शक्यतो जुलै महिन्यातील भर पावसात, पुन्हा करावी.