चंक्रमण, व्यायाम आणि मेंदूचे आरोग्य

मन निर्मळ असावे, प्रज्ञा तीक्ष्ण असावी, ही धम्माची शिकवण आपण विहारात नेहमी ऐकतो. परंतु ज्या मेंदूच्या आधाराने आपण विचार करतो, पाठ लक्षात ठेवतो, बरे-वाईट ठरवतो, त्या मेंदूची निगा कशी राखावी याचा विचार आपण क्वचितच करतो. व्यायाम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आखाडा, पैलवान आणि दंड-बैठका येतात. ‘अभ्यास करणाऱ्या मुलाला व्यायामाची काय गरज?’ असे कित्येक पालक म्हणतात. हा समज चुकीचा आहे. व्यायामाचा लाभ स्नायूंना होतो, तसाच तो मेंदूलाही होतो, हे आता विज्ञानाने दाखवून दिले आहे.

मेंदूची भूक

माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण आपण श्वासातून घेतलेल्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू हा एकटा अवयव वापरतो. शिवाय त्याला साठवण माहीत नाही. रक्तपुरवठा काही मिनिटे खंडित झाला तरी मेंदूच्या पेशी मरू लागतात. पक्षाघात होतो तो असाच. म्हणून ज्याचे हृदय चांगले व रक्तवाहिन्या मोकळ्या, त्याच्या मेंदूला पोषण चांगले, हा सरळ हिशेब आहे. उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांचे शत्रू आहेत आणि नियमित व्यायाम या दोघांनाही आटोक्यात ठेवण्यास मदत करतो.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. मेंदूत पेशींना खतपाणी घालणारी काही प्रथिने असतात. त्यांपैकी ‘बीडीएनएफ’ नावाचे प्रथिन १९८२ साली बार्ड आणि थोएनेन या शास्त्रज्ञांनी डुकराच्या मेंदूतून वेगळे केले. पेशी जगवणे आणि पेशी-पेशींमधील जोडण्या बळकट करणे हे त्याचे काम. नवे काही शिकणे म्हणजे या जोडण्या पक्क्या होणे. व्यायामाने हे प्रथिन वाढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

प्रयोग काय सांगतात?

१९५३ साली डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत असे. बस तीच, रस्ता तोच. पण कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बरेच कमी आढळले. बैठे काम घातक असते, हे जगाला पटवणारा हा महत्त्वाचा अभ्यास होय.

१९९९ साली अमेरिकेतील साल्क संस्थेत व्हॅन प्राग, गेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत स्मरणाशी संबंधित भागात नव्या पेशी अधिक टिकतात व हे उंदीर शिकतातही चांगले. या भागाला हिप्पोकॅम्पस म्हणतात. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा असतो. वाढत्या वयात तो हळूहळू आकसतो.

मग माणसांचे काय? २०११ साली अमेरिकेतच एरिक्सन आदी संशोधकांनी ५५ ते ८० वर्षे वयाच्या १२० स्त्री-पुरुषांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाने वर्षभर आठवड्यातून ३ दिवस ४० मिनिटे झपाझप चालायचे, दुसऱ्याने फक्त अंग ताणण्याचे हलके व्यायाम करायचे. वर्षअखेरीस चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता, तर दुसऱ्या गटाचा आकसला होता. ना महागडे औषध, ना यंत्र, केवळ चालणे!

व्यायाम केला म्हणजे विस्मरणाचा आजार होणारच नाही, असे मात्र कोणी समजू नये. धोका कमी होतो, एवढेच म्हणता येते. पण तेही थोडे नाही.

बुद्धाचे चंक्रमण

भगवान बुद्ध स्वतः नित्य चंक्रमण करीत, म्हणजे ठराविक वाटेवर शांतपणे, सजग राहून येरझाऱ्या घालीत. बुद्धगयेला महाबोधी विहाराशेजारी त्यांच्या चंक्रमणाची जागा आजही दाखवली जाते. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता येते, परिश्रमाची क्षमता येते, आजार कमी होतात, अन्न नीट पचते आणि चालता चालता साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. शरीर आणि चित्त यांची सांगड त्या काळी अशी घातली गेली होती.

अतिरेक मात्र नको. सोण नावाच्या भिक्खूने पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण केले, तेव्हा बुद्धाने त्याला वीणेच्या तारांचा दाखला देऊन मध्यम मार्ग समजावला. व्यायामालाही तोच नियम लागू आहे.

कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा

आपल्या समाजात हा विषय नाजूक आहे. आपल्या वाडवडिलांनी गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या रुळांवर आणि दुसऱ्याच्या शेतात घाम गाळला. माझे वडील दिवसभर ओझी वाहात. त्यांना व्यायाम करा म्हणणे ही क्रूर थट्टाच ठरली असती. ‘मी उन्हात राबलो, तू पंख्याखाली बसून पगार घे,’ हे त्यांचे स्वप्न. ते खरे झाले. गेली वीस वर्षे मी बँकेच्या काउंटरमागे पंख्याखाली बसलो आहे आणि त्याची किंमत म्हणून रक्तातली साखर वाढवून घेतली आहे! डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज सकाळी चालू लागलो, तेव्हा कळले की दुपारनंतर डोक्याला येणारे जडपण हे केवळ कामाचे नव्हते.

पोटासाठी लादलेले, विश्रांतीवाचूनचे कष्ट शरीर झिजवतात. स्वतःच्या इच्छेने, झेपेल एवढा केलेला व्यायाम शरीर घडवतो. म्हणून घाम येणे हे मागासलेपण मानू नका. श्रमाला हलके लेखणे ही विषमतेच्या व्यवस्थेची शिकवण आहे. ती आपण कशाला जपायची?

विद्यार्थ्यांसाठी

१४ एप्रिलच्या निमित्ताने अनेक ठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो स्तुत्य आहे. पण बाबासाहेबांची ज्ञाननिष्ठा आठवताना त्यांचे आजारपणही आठवावे. मधुमेह आणि पायांचे दुखणे यांनी अखेरच्या वर्षांत त्यांना ग्रासले होते. तरीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांनी लिहून पूर्ण केला आणि तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. असा माणूस आणखी दहा वर्षे हवा होता, असे आपणां सर्वांना वाटते. मग त्यांच्या मार्गाने जाणाऱ्या मुलांनी प्रकृतीची हेळसांड का करावी?

२००९ साली अमेरिकेत हिलमन यांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांना २० मिनिटे झपाझप चालवून मग चाचणी घेतली. स्वस्थ बसून घेतलेल्या चाचणीपेक्षा त्यांचे लक्ष आणि वाचलेले समजण्याची क्षमता चांगली दिसली. तेव्हा तासभर वाचन झाले की पुस्तक मिटा, दहा मिनिटे चाला आणि वाचलेले मनात आठवा. खेळणारे मूल वेळ फुकट घालवत नाही, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे.

काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत वेग. हे जमवायला फार काही लागत नाही.

१) रोज अर्धा तास, आठवड्यातून ५ दिवस झपाझप चालावे. एक-दोन बसथांबे आधी उतरावे.
२) मुला-मुलींनी कबड्डी, दोरीच्या उड्या, लेझीम यांपैकी काहीतरी करावे. लेझीम केवळ जयंतीच्या मिरवणुकीपुरती नसावी.
३) भगिनींनी घरकामालाच व्यायाम मानू नये. स्वतःसाठी वेळ काढावा व घरच्यांनी तो द्यावा.
४) हृदयविकार, मधुमेह वा गुडघेदुखी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी.
५) रात्रीची झोप पुरेशी घ्यावी. दिवसा शिकलेले झोपेतच पक्के होते.

आपल्या विहाराचे आवार लहान असले तरी वंदनेनंतर सर्वांनी मिळून वीस मिनिटे चंक्रमण करण्याइतके ते नक्कीच आहे. येत्या रविवारपासून ही प्रथा सुरू करावी, अशी सभासद बंधू-भगिनींना नम्र विनंती आहे. ज्येष्ठांनी पुढे चालावे, मुले मागोमाग येतीलच.

जयभीम! नमो बुद्धाय!