खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा नर्व्ह ब्लॉक

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र फार वेदनेची असते. ती सुसह्य व्हावी म्हणून भूलतज्ज्ञ मानेच्या बाजूला, दोन स्केलीन स्नायूंमधल्या फटीत, बधिर करणारे औषध सोडतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर तिथली मज्जातंतूंची मुळे एकाखाली एक काळ्या गोलांसारखी दिसतात; सुई त्यांच्या शेजारी थांबते, आत शिरत नाही. बुपिवाकेनसारखे औषध तंतूंमधल्या सोडियमच्या वाटा अडवते, त्यामुळे वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचत नाही. हात मात्र लुळा पडतो, तो झोळीत जपावा लागतो. जवळचा फ्रेनिक मज्जातंतूही बहुधा बधिर होतो आणि त्या बाजूचे श्वासपटल मंदावते. फुप्फुसांचा गंभीर आजार असलेल्यांच्या बाबतीत हे मुळीच किरकोळ नाही. असर साधारण 12 ते 24 तास टिकतो. तो ओसरताना वेदना एकदम उसळू शकते, म्हणून वेदनाशामक गोळ्या बधिरता असतानाच सुरू करतात.