चल संदर्भ त्रुटी (अपाची नायफाय)

चल संदर्भ त्रुटी म्हणजे विदाप्रवाहाच्या मांडणीत लिहिलेल्या चलाच्या नावावरून त्याची किंमत न सापडणे. अपाची नायफाय या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये डॉलरचिन्ह व महिरपी कंसात चलाचे, तर # चिन्ह व महिरपी कंसात प्राचलाचे नाव लिहितात.

समजा, मनमाड स्थानकाच्या नोंदी ज्या फोल्डरात साठवायच्या, त्याचे नाव चलातून घ्यायचे आहे. चलाच्या नावात एक अक्षर चुकले, किंवा इंग्रजी मोठ्या लिपीऐवजी छोटी लिपी पडली, तरी नायफाय तक्रार करीत नाही. किंमत रिकामी राहते आणि नोंदी भलत्याच ठिकाणी जातात. म्हणून ही चूक फार फसवी. रांगेत थांबलेल्या नोंदीचे गुणधर्म उघडून पाहिल्यास ते नाव तेथे आहे की नाही, हे कळते.

प्राचल न सापडल्यास मात्र घटक अवैध ठरतो व सुरूच होत नाही. अशा वेळी प्राचलसंच त्याच गटाला जोडला आहे काय, हे पाहावे. बाहेरच्या गटाचा संच आतील गटाला आपोआप लागू होत नाही. पासवर्डसारख्या संवेदनशील रकान्यात संवेदनशील म्हणून नोंदलेलेच प्राचल चालते.

प्राचलांची सोय २०१९ मधील १.१० या आवृत्तीत आली. २०२४ मधील २.० आवृत्तीत जुनी चल-नोंदवही काढून टाकण्यात आली. त्यामुळे तीवर विसंबलेल्या मांडण्यांतील चलांचे आधी प्राचलांत रूपांतर करावे लागते.