जुनं नाणं, ७८६ ची नोट आणि परदेशातलं गिऱ्हाईक

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचा माल परदेशी निघतो, तेव्हा कारखानदार काय काय करतो हे तिथल्या कामगारांना माहीत असतं. पार्टी नवीन असेल तर आधी ॲडव्हान्स, नाहीतर बँकेची एलसी. कागदपत्रं बँकेमार्फत. पैसे बुडाले तर म्हणून ईसीजीसीचा विमा. आणि त्याच कारखान्यात पाळी करणारा आपला एखादा भाऊ आजोबांच्या पेटीतलं नाणं मोबाईलवर 'फॉरेन बायर'ला विकायला बसतो, तेव्हा यातलं एकही करत नाही. समोरचा इंग्रजीत बोलला, सलाम केला, की भरवसा बसतो.

आधी ७८६ च्या नोटेचं बोलू, कारण आपल्या घरांमध्ये सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. 'ही नोट द्या, लाखो रुपये घ्या' असे व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरतायत. ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट, वैष्णोदेवीचं नाणं, हे त्याच माळेतले मणी. खेळ असा असतो: तुम्ही फोटो टाकता, भाव 'मंजूर' होतो, मग रजिस्ट्रेशन फी, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं पत्र आणि त्यासाठी पुन्हा पैसे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कसलंही कमिशन मागत नाही आणि कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही. हौशी लोक अशा नोटेला दर्शनी किमतीपेक्षा थोडं जास्त देतात, हे खरं. पण विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक कुठल्या बाजारात असतो?

आता खरं जुनं नाणं. सोलापूर म्हणजे विजापूर आणि निजामाच्या मुलुखाची शिव. त्यामुळे आदिलशाही लारी, तांब्याचे पैसे, निजामाचा हाली सिक्का घरात निघणं काही नवल नाही. इथे फसवणुकीपेक्षा मोठा धोका कायद्याचा आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. पुरावस्तू कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक किंवा कलात्मक मोल असलेल्या हस्तलिखिताला तर पंचाहत्तर वर्षंच पुरे. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि दंड. म्हणजे घरातलं जुनं हाती लिहिलेलं कुरआन कुणी परदेशातून मागितलं, तर तो सौदा तिथेच सोडा.

गफलत होते ती सनात. निजामाच्या नाण्यावर हिजरी साल असतं. १३३० लिहिलेला चारमिनार रुपया इसवी १९११-१२ चा, १३४३ चा १९२४-२५ चा. दोन्ही आता शंभरी ओलांडून बसलेत. देशात विकतानाही पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. वय नक्की नसेल तर पुरातत्त्व खात्याचं 'पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र घ्या. आणि खोदकामात नाणी सापडली असतील तर ती आपली नव्हेतच असं समजून आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे.

नाणं शंभर वर्षांच्या आतलं आहे, पाठवायला हरकत नाही, असं धरू. तरी पार्सल सोपं नाही. नाणी आणि नोटा साध्या आंतरराष्ट्रीय पार्सलात घालायला टपालाच्या नियमांत बंदी आहे, बऱ्याच कुरिअर कंपन्याही घेत नाहीत. 'आर्टिफिशियल ज्वेलरी' लिहून पाठव, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. कस्टमने अडवलं तर माल जातो, आणि वाटेत हरवलं तर विमाही मिळत नाही, कारण कागदावर तुम्हीच दुसरी वस्तू लिहिलेली असते.

पैशाचं तर वेगळंच. खात्यात आले म्हणजे आपले झाले, हा समज काढून टाका. पेपालवर खरेदीदाराला १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते, आणि कार्डाने दिलेले पैसे त्याची बँकही परत ओढू शकते. म्हणून व्यवहारात दिसतो त्याच पत्त्यावर पाठवायचं. 'माझ्या भावाच्या पत्त्यावर धाडा' म्हणाला की थांबायचं. साडेसातशे डॉलरच्या वरच्या मालाला पोहोचल्याची सहीसुद्धा लागते. 'पैसे अडकलेत, ट्रॅकिंग नंबर टाकला की सुटतील' असा ईमेल आला तर तो शंभर टक्के बनावट. आपलं खातं स्वतः उघडून बघा, ईमेलमधल्या लिंकवरून नाही.

आणखी एक प्रकार म्हणजे अदलाबदल. गिऱ्हाईक 'नकली आहे' म्हणून परत करतो, पण परत येतं ते दुसरंच. यावर उपाय सोनाराकडचा काटा. वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, आणि पाकीट बंद करतानाचा न तोडलेला व्हिडिओ. (चिंचेने घासून चमकवू नका, जाणकार घासलेल्या नाण्याचा भाव पाडतात.)

ऐब सांगणं आपल्यावरही आहे. भोक बुजवलेलं, डाग दिलेलं नाणं फोटोत लपवलं तर ती कमाई हलाल कशी म्हणायची? न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर परत करण्याचा हक्क हनफी फिकहमध्ये खरेदीदाराला आहेच. बाहेर बनलेल्या चादरीवर 'सोलापुरी'चं लेबल लागलं की आपलाच जीव जळतो, तेव्हा परदेशातल्या माणसाला काय वाटत असेल ते आपल्याला समजावून सांगायला नको.

पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम समोरच्या खात्यातच गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. चॅट डिलीट करू नका, पैसे पाठवल्याचा यूटीआर नंबर लिहून ठेवा आणि तक्रारीची पावती घेऊन बँकेत जा. इंग्रजी फॉर्मची अडचण असेल तर कॉलेजात शिकणाऱ्या पोरा-पोरींना सोबत बसवा.