'वाहने सावकाश चालवा': सावकाश म्हणजे किती?

बालाघाटच्या डोंगररांगांतील मुखेड तालुक्यातून नांदेड, लातूर किंवा देगलूर गाठायचे तर बहुतेकांचा भरवसा एस.टी.वर किंवा दुचाकीवर. या परिसरातील लोहा-अहमदपूर मार्गे लातूरकडे जाणारा रस्ता आणि नरसीवरून देगलूरकडे जाणारा रस्ता हे आता राष्ट्रीय महामार्ग आहेत (अनुक्रमे क्रमांक ३६१ व १६१). रस्ता रुंद व्हायचा तर तो आधी उकरला जातो. मग मुरमाचा वळणरस्ता, खडीचे ढीग, डांबराची पिंपे आणि 'काम चालू आहे, वाहने सावकाश चालवा' असा फलक. आपले अनेक विद्यार्थी अशाच रस्त्यांच्या कडेने सायकलवर शाळेत येतात. तेव्हा 'सावकाश' या शब्दाला काही आकडा देता येतो का, ते पाहू.

धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंतच्या अंतराचे दोन भाग पडतात. पहिला, डोळ्याने पाहून, मेंदूने ठरवून, पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा. रस्त्यांचा आराखडा करताना आपल्याकडे यासाठी २.५ सेकंद धरतात. दुसरा भाग प्रत्यक्ष ब्रेक लागल्यानंतरचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. घर्षणांक ०.३५ धरला, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला पहिला भाग ५६ मीटर व दुसरा ७२ मीटर, एकूण १२८ मीटर होतो. ताशी ४० किलोमीटरला हेच आकडे २८ आणि १८, म्हणजे एकूण ४६ मीटर. वेग निम्मा केला की ब्रेकचे अंतर चौथाई होते, हे नववी-दहावीच्या मुलांना गतीच्या समीकरणांवरून स्वतः काढता येईल.

हे झाले पक्क्या डांबरी रस्त्याचे. मुरमावर सुटी खडी पसरलेली असेल तर चाकाखालचा खडाच घरंगळतो आणि पकड राहत नाही. घर्षणांक ०.२ इतका उतरला असे समजू, म्हणजे ताशी ४० ला ब्रेकचे अंतर १८ वरून ३१ मीटरच्या वर जाते. धूळ बसावी म्हणून नुकतेच पाणी मारलेले असेल तर बारीक भुकटीचा चिखल होतो व घर्षण आणखी घटते. अशा जागी ताशी २० ते ३० हा वेग आम्हाला योग्य वाटतो, दुचाकीला तर विशेषच. तासभर ८० ने गाडी चालवून आलेल्या माणसाला ४० चा वेगही रांगल्यासारखा वाटतो. म्हणून अंदाजावर न जाता काट्याकडे पाहावे.

दुचाकीस्वारांचा एक शत्रू फार साधा दिसतो: नव्या आणि जुन्या थरांमधील दोन-तीन इंचांची पायरी. तिला जवळजवळ समांतर जाऊन चढण्याचा प्रयत्न केला, तर चाक वर न चढता कडेला घासत राहते, हँडल वळत नाही आणि तोल जातो. पायरी शक्य तितकी काटकोनात, वेग कमी करून ओलांडावी. आपल्या काळ्या मातीत साइडपट्ट्यांचेही भय असते. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. म्हणून पावसाळ्यात वरून सपाट दिसणारी साइडपट्टी एस.टी.च्या चाकाखाली सहज खचते.

रात्रीचा प्रश्न वेगळा. फलकांवर व पिंपांवर चिकटवलेल्या चमकत्या पट्टीला सगळे 'रेडियम' म्हणतात; तिच्यात रेडियम हे मूलद्रव्य मुळीच नसते आणि ती स्वतः उजेडही देत नाही. तिच्यातील काचेचे सूक्ष्म मणी किंवा लोलक प्रकाशाला आला त्याच दिशेने परत पाठवतात. वर्गात अंधार करून विजेरी डोळ्याजवळ धरा व पट्टीकडे पाहा. नंतर विजेरी तशीच दुसऱ्याच्या हाती देऊन दोन-तीन फूट बाजूला सरका. पट्टी विझल्यासारखी होईल. तिच्यावर ओल्या मुरमाचा हात फिरवून पुन्हा पाहा, म्हणजे धुळीने माखलेला फलक चालकाला का दिसत नाही ते कळेल. फुफाट्यात हेडलाइट 'अप्पर'वर ठेवल्यास धूलिकण प्रकाश विखुरतात आणि पुढे पांढरा पडदाच उभा राहतो. तेथे 'डिप्पर' बरा.

अर्थात सारी जबाबदारी चालकावर टाकून चालणार नाही. भारतीय रोड काँग्रेसच्या कामाच्या जागेवरील वाहतुकीसंबंधीच्या मार्गदर्शिकेत (सुधारित आवृत्ती २०१४) अशा जागेचे चार भाग सांगितले आहेत: आगाऊ सूचनेचा, मार्ग बदलण्याचा, प्रत्यक्ष कामाचा आणि पुन्हा मूळ मार्गावर येण्याचा. पुष्कळदा पहिलाच भाग गायब असतो व फलक थेट खड्ड्याच्या काठावर उभा असतो. वर काढलेले १२८ मीटर आठवले की अशा फलकाचा उपयोग किती ते वेगळे सांगायला नको. उलट, काम संपून महिने लोटले तरी तसाच राहिलेला फलक आम्हाला अधिक घातक वाटतो, कारण तो लोकांना फलकांवर विश्वास न ठेवायला शिकवतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९८-अ नुसार, रस्त्याच्या बांधणीत किंवा देखभालीत सुरक्षेचे निकष न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर ठेकेदार किंवा संबंधित यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मैदानावर ४६ आणि १२८ मीटर अंतरे टेपने मोजून चुन्याने खुणा करा. धावपट्टीवर उभ्या मुलाला, पहिल्या खुणेवरचा मित्र किती मोठा दिसतो आणि दुसऱ्या खुणेवरचा किती, हे विचारा. मग तीच मुले शाळेजवळच्या कामाचा पहिला फलक खड्ड्यापासून किती पावलांवर आहे, हे रस्त्याच्या कडेने, शिक्षकांसोबत जाऊन मोजू शकतील.