तेलाची मुलूखगिरी
(तेलाचे अर्थकारण : लेखांक सहावा)

मागच्या लेखांकात आपण बॉम्बे हायपर्यंत पोहोचलो. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईजवळच्या अरबी समुद्रात तेल शोधले, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असते. पण त्याच्याही नऊ वर्षे आधी आपली सरकारी तेल कंपनी परदेशात जाऊन पोहोचली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. 1965 मध्ये ‘हायड्रोकार्बन्स इंडिया’ नावाची कंपनी काढण्यात आली ती इराणमधल्या रोस्तम आणि रक्ष या तेलक्षेत्रांसाठी. 1989 मध्ये तिचे नाव बदलले. तीच आजची ‘ओएनजीसी विदेश’. तिची संपूर्ण मालकी ओएनजीसीकडे, आणि ओएनजीसीची सूत्रे केंद्र सरकारकडे.

परक्या देशातल्या तेलावर हक्क मिळतो कसा? जमिनीखालचे तेल त्या देशाचेच राहते. अनेक ठिकाणी कंपनीशी होतो तो उत्पादन विभागणी करार, आणि तो वाट्याने कसायला दिलेल्या शेतासारखा असतो. शोधाचा, विहिरी खोदण्याचा खर्च कंपनीने करायचा. तेल लागले तर त्यातून आधी तिचा खर्च वळता होतो आणि उरलेल्या तेलात देशाचा व कंपनीचा वाटा पडतो. तेल लागलेच नाही, तर सगळा पैसा कंपनीचा बुडाला. म्हणून परदेशात नव्याने पाय ठेवणारी कंपनी बहुधा दुसरी वाट धरते. तेल आधीच सापडलेल्या क्षेत्रात कोणाचा तरी हिस्सा विकत घ्यायचा. किंमत जास्त पडते, पण विहीर कोरडी निघण्याची धास्ती राहत नाही.

सुदानचा सौदा या वाटेचा उत्तम नमुना आहे. तिथल्या ‘ग्रेटर नाइल’ प्रकल्पात कॅनडाच्या टॅलिसमन कंपनीचा 25 टक्के हिस्सा होता. सुदानमध्ये यादवी पेटलेली होती, तेलाचा पैसा युद्धात जातो असा मानवाधिकार संघटनांचा आरोप होता आणि टॅलिसमनवर भागधारकांचा दबाव वाढत चालला होता. अखेर तिने हिस्सा विकायला काढला. 2003 मध्ये ओएनजीसी विदेशने तो सुमारे 72 कोटी डॉलरला घेतला. चीनची सीएनपीसी 40 टक्के आणि मलेशियाची पेट्रोनास 30 टक्के, अशा दोन सरकारी कंपन्या तिथे आधीच बसलेल्या होत्या. शेअर बाजाराला उत्तर द्यावे लागणारी कंपनी जिथून निघून जाते, तिथे सरकारी कंपन्या शिरतात. हा व्यवहार आर्थिकदृष्ट्या फायद्याचा होता. पण ज्या मुलखातली गावे त्या युद्धात उजाड झाली, तिथला पैसा आपणही घेत होतो, आणि त्यावर आपल्याकडे पुरेशी चर्चा झाली नाही, असे मला स्पष्टपणे वाटते.

त्याच वर्षी सुदानचे तेल मंगळूरच्या रिफायनरीत उतरले. परदेशात स्वतःच्या मालकीचे तेल आणि ते आपल्या बंदरात, हे दृश्य सर्वांनाच भावले. मात्र 2011 मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला. बहुतेक विहिरी दक्षिणेकडे गेल्या आणि लाल समुद्राकडे जाणारी पाइपलाइन उत्तरेकडे राहिली. वाहतुकीच्या शुल्कावरून भांडण पेटले आणि जानेवारी 2012 मध्ये दक्षिण सुदानने उत्पादनच थांबवले. दिल्लीतली कोणतीही फाइल यावर उपाय करू शकत नव्हती.

रशियाच्या अतिपूर्वेकडील साखालिन-1 प्रकल्पातला 2001 मध्ये घेतलेला 20 टक्क्यांचा हिस्सा वेगळ्या कारणासाठी, म्हणजे अवघड तंत्र शिकण्यासाठी, महत्त्वाचा ठरला. तिथे कारभार एक्सॉनच्या हाती होता. हिवाळ्यात गोठणारा समुद्र, आणि किनाऱ्यावरून तिरप्या खोदत समुद्रतळाखाली दहा किलोमीटरपेक्षाही लांब नेलेल्या विहिरी! 2005 मध्ये तिथे तेल सुरू झाले. त्यातले काही भारतात आलेही, पण बरेचसे जवळच्या पूर्व आशियातील ग्राहकांना विकले गेले, कारण तिथून ते इकडे आणण्यापेक्षा तिकडेच विकून आखातातले तेल घेणे स्वस्त पडते. ‘परदेशात तेल घेतले म्हणजे देशाचा पुरवठा सुरक्षित झाला’ हा समज इथे गळून पडतो. हाती येतो तो नफा, आणि तेलाचे भाव भडकले की आयातीच्या बिलाचा थोडा भार हलका करणारा पैसा. 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या देशाला हेही मोलाचे आहे, पण त्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखले पाहिजे.

बोलीच्या मैदानात आपल्याला वारंवार हरवले ते चीनने. 2004 मध्ये अंगोलातला शेलचा हिस्सा जवळजवळ हातात आला होता. अंगोलाच्या सरकारी कंपनीने स्वतःचा अग्रहक्क (विकला जाणारा हिस्सा इतरांआधी घेण्याचा हक्क) वापरला आणि तो चीनकडे गेला. सोबत चीनचे मोठे कर्ज होते. 2005 मध्ये पेट्रोकझाकस्तान ही कंपनी सीएनपीसीने नेली. नायजेरियातल्या अक्पो क्षेत्राला आपल्या मंत्रिमंडळाने जोखमीपोटी नकार दिला आणि जानेवारी 2006 मध्ये चीनच्या सीनूकने तिथला 45 टक्के हिस्सा घेतला. 2013 मध्ये कझाकस्तानातल्या काशागान तेलक्षेत्रातही अग्रहक्काचाच खेळ झाला. मोठ्या सौद्याला आपल्याकडे सचिवांची समिती आणि मग मंत्रिमंडळ अशी मंजुरी लागते. सार्वजनिक पैशावर असा पहारा हवाच. पण बोली लावणाऱ्याला उत्तर आठवड्यांत द्यायचे असते, हेही तितकेच खरे.

घाईचा फटका कसा बसतो ते सायबेरियातल्या तोम्स्कमध्ये दिसले. तिथल्या तेलक्षेत्रांची मालक असलेल्या इम्पीरियल एनर्जी या कंपनीसाठीची ओएनजीसी विदेशची बोली 2008 च्या उन्हाळ्यात ठरली, तेव्हा तेल पिंपाला 147 डॉलरच्या शिखरावरून नुकतेच उतरू लागले होते. डिसेंबरात ते 40 डॉलरच्या खाली गेले. लंडनच्या बाजारात जाहीर केलेली बोली सहजासहजी मागे घेता येत नाही. जानेवारी 2009 मध्ये सुमारे 210 कोटी डॉलर मोजून कंपनी ताब्यात आली आणि उत्पादन मात्र अंदाजाच्या जवळपासही पोहोचले नाही. कॅगने त्यावर ताशेरे ओढले.

2022 मध्ये युक्रेन युद्धानंतर एक्सॉन साखालिनमधून बाहेर पडली. रशियाने प्रकल्प नव्या रशियन कंपनीकडे सोपवला आणि ओएनजीसी विदेशने आपला 20 टक्के हिस्सा राखला. पण निर्बंधांमुळे रशियातल्या क्षेत्रांवरचा भारतीय कंपन्यांचा लाभांश तिथल्याच बँकांत अडकून पडला.

इतक्या अनुभवानंतर अशा कंपनीचे यश किती देशांत झेंडा लावला यावर मोजू नये. गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे किती डॉलर मायदेशी आले आणि साखालिनसारख्या ठिकाणी किती अभियंते तयार झाले, हे दोन आकडे संसदेपुढे दरवर्षी मांडले गेले पाहिजेत.

पुढील लेखांकात मलेशियाची पेट्रोनास.